पाठ टेकली म्हणजे हरलो का? गावातल्या ज्युदो क्लबात बीजेजे सुरू करावं का, मत द्या

खारपाणपट्टा

नमस्कार मंडळी,

दर्यापूरच्या बाजूला आमचं गाव. जुन्या जिनिंगच्या गोदामात सहा वर्षांपासून ज्युदोचा क्लब चालतो. वर टिनाचं छत, खाली मॅट, एका कोपऱ्यात मारुतीचा फोटो. सध्या २६ पोरं येतात, त्यात ११ मुली. सर ज्युदोचे ब्लॅक बेल्ट आहेत, फी नावालाच घेतात. मी शाळेत शिक्षक. संध्याकाळी मॅट लावणं, हजेरी घेणं, स्पर्धेला पोरांसोबत जाणं ही कामं मी करतो. माझी मुलगी आठवीत आहे. ती चौथीपासून तिथे जाते.

विषय असा. गावचा एक मुलगा पुण्याहून परत आलाय. कंपनीचं काम घरूनच करतो. तिथे पाच वर्षं ब्राझिलियन जिउ-जित्सू (बीजेजे, जमिनीवरची कुस्ती) शिकला, ब्लू बेल्ट आहे. म्हणतो, आठवड्यातून दोन दिवस पोरांना फुकट शिकवतो. सरांची हरकत नाही, पण त्यांना एक काळजी आहे. पोरं खाली बसायला शिकली, तर उभ्याचा खेळ जाईल. गावातले जुने लोक येऊन पाहतात आणि म्हणतात, "हे काय, पाठीवर झोपून कुस्ती?" दोन मुलींच्या आयांनी तर सरळ सांगितलं, की हे जमिनीवरचं आमच्या पोरींना नको.

मला स्वतःला बीजेजे आवडलं. पण मी खेळाडू नाही, आणि पोरांची वर्षं वाया जाऊ नयेत एवढंच मनात आहे. ज्यांनी दोन्ही केलंय किंवा जवळून पाहिलंय, त्यांनी मोकळेपणी लिहा.

---

लाल_माती

मी अंजनगावकडचा. आमच्या घरात तीन पिढ्या तालीम. आजोबा पोळ्याच्या आम दंगलीत लढत, वडील लढत, मी गुडघा जाईस्तोवर लढलो. स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

आमच्याकडे पाठ म्हणजे अब्रू. दोन्ही खांदे मातीला लागले की चितपट, निकाल लागला, उठा आणि समोरच्याच्या पाया पडा. लहानपणापासून पोराच्या अंगात एकच गोष्ट मुरवतात, की काही झालं तरी पाठ द्यायची नाही. मान मोडेपर्यंत डोकं आणि पाय टेकून अंगाचा पूल करून राहील, पण पाठ टेकवणार नाही. अशा पोराला तुम्ही सांगणार, की बाबा पाठीवर पड आणि पाय वर कर? त्याच्या अंगातली ती जिद्दच मोडेल. ज्युदो मला मान्य आहे. त्यात आमचीच धोबीपछाड आहे, आमचीच आतली टांग आणि बाहेरची टांग आहे. हे दुसरं मला पटत नाही.

---

संत्राबाग

भाऊ, ज्युदो का बीजेजे ते तुमी ठरवा. पण पडाचं शिकवा पोराईले. आमचा पोट्टा मागच्या साली गाडीवरून घसरला, पांदन रस्त्यात. खाली गोटेच गोटे. हात न टेकता गोल फिरून पडला आन् उभा राह्यला. मांघं बसला होता त्याचा मनगट गेला. आमच्या पोट्ट्याले नुसतं खरचटलं. सरानं दोन महिने फक्त पडणंच शिकवलं होतं, तवा मी म्हनत होतो का पैसे कायचे घेते हा मानूस.

---

पुणेरी_वऱ्हाडी

मूळ मोर्शीचा, सध्या पुण्यात. ज्युदो आठ वर्षं, बीजेजे चार. धागाकर्त्यांसाठी थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, ही दोन वेगळी झाडं नाहीत. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत एका बौद्ध मंदिराच्या जागेत कोडोकान ही आपली ज्युदोची शाळा सुरू केली. ते स्वतः शिक्षक होते, पुढे मोठ्या शिक्षण संस्थेचे प्रमुख झाले. जुजुत्सू या जुन्या जपानी विद्येमधले जीवघेणे प्रकार बाजूला काढून पूर्ण ताकदीने सराव करता येईल असे डाव त्यांनी ठेवले. त्यांच्या कोडोकानात शिकलेले मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचले. त्यांच्याकडून ही विद्या कार्लोस ग्रेसीकडे गेली, त्याच्याकडून भावांकडे. त्यातला हेलिओ अंगाने किरकोळ. वजनदार माणूस वर आला तर खालून कसं टिकायचं, याचा त्या घराण्याने ध्यास घेतला. त्यातून बीजेजे उभं राहिलं. म्हणजे ज्युदोच्या ने-वाझाची, जमिनीवरच्या भागाची, वाढलेली फांदी.

दुसरी गोष्ट नियमांची. ज्युदोत जोरात, वेगात आणि पाठीवर स्वच्छ फेकलं की इप्पोन, तिथेच सामना संपला. जमिनीवर गेलात तर पंच थोडा वेळ पाहतात, काम पुढे सरकत नसेल तर "माते" म्हणून उभं करतात. बीजेजेत कोणी उठवत नाही. तिथे पाडलं की २ गुण, समोरच्याच्या पायांचा वेढा ओलांडून गेलात की ३, छातीवर स्वार झालात किंवा पाठ मिळवली की ४. आणि गुण कितीही असोत, समोरच्याने टॅप केलं, म्हणजे हाताने थापटून हार मानली, की खेळ खलास.

@लाल_माती, तुमचा मुद्दा मी समजू शकतो, माझे मामा पहिलवान होते. पण एक लक्षात घ्या. ज्युदोत पाठ नुसती टेकली म्हणून हार होत नाही. खाली दाबून धरलं तर २० सेकंद मोजतात. त्या २० सेकंदांत खालच्याने वरच्याचा एक पाय जरी आपल्या दोन पायांत अडकवला, तरी मोजणी थांबते. हे पाय अडकवणं बीजेजेत रोज शिकवतात. माझ्या ज्युदोच्या सामन्यांत मी तीन वेळा असाच वाचलोय.

---

मृण्मयी_अकोट

पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

धाग्यात दोन आयांचा उल्लेख एका ओळीत आला आणि चर्चा इप्पोनकडे गेली. मी तशीच एक आई आहे. माझी मुलगी दुसऱ्या गावच्या क्लबात जात होती. तिथे मुली कमी म्हणून तिला कायम मुलांसोबत जोडी द्यायचे. उभ्याने होतं तोवर ती काही बोलली नाही. जमिनीवरचं सुरू झालं आणि ती एक दिवस म्हणाली, आई मला नाही जायचं. कारण सांगेना. नंतर कळलं की एक मोठा मुलगा मुद्दाम सोडायचा नाही, ती टॅप करायची तरी हसत धरून ठेवायचा. शिकवणारे सर मोबाईलवर असायचे. बाकी काही घडलं नाही, पण तेवढं पुरे होतं. मी नाव काढून घेतलं.

मी खेळाच्या विरोधात नाही. गावात मुलीला अंग झटकून उभं राहता यावं असं कोणत्या आईला वाटत नाही? पण कपडे बदलायला खोली आहे का, जोड्या कोण लावतो, आईने येऊन बसलं तर चालतं का, हे आधी सांगा. डावांचं नंतर बघू.

---

खारपाणपट्टा

मृण्मयीताई, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. मी ती ओळ घाईत लिहून टाकली होती. आमच्याकडे कपडे बदलायला खोली नाही, मुली घरूनच गी (सरावाचा जाड पोशाख) घालून येतात. याचा मी आजवर विचारच केला नव्हता.

---

ओसोतो_वाली

मृण्मयी, तुझी प्रतिक्रिया दोनदा वाचली. मी यवतमाळ जिल्ह्यातली, राज्य स्तरापर्यंत ज्युदो खेळले, आता आठवड्यातून तीन दिवस मुलींना शिकवते. तुझ्या मुलीसोबत झालं त्यात खेळाचा दोष नाही, शिकवणाऱ्याचा आहे. टॅप केल्यावर न सोडणारा मुलगा माझ्या मॅटवर त्याच क्षणी बाहेर जातो. दुसरी संधी नाही. टॅपवरच हा सगळा खेळ उभा आहे. तो विश्वास गेला तर मॅटवर उरतं काय?

मी काय करते ते सांगते. गीच्या आत मुलींना पांढरा टी-शर्ट सक्तीचा, स्पर्धेतही तसा नियमच आहे. जमिनीवरचा सराव मुलीचा मुलीशीच. जोडी कमी पडली तर तिघींचा गट, एक वेळ मोजते. मुलींना "नाही" म्हणायचा हक्क, आणि कारण विचारायचं नाही. आया भिंतीशी बसतात, वाती वळतात, गप्पा मारतात. त्यांच्यामुळे माझं अर्धं काम होतं, कारण मोबाईलवर बसायची माझीही हिंमत होत नाही.

आणि जमिनीवरचं का शिकवायचं, तेही सांगते. मुलीवर प्रसंग आला तर ती बहुतेक वेळा खालीच असणार. वरून वजन पडल्यावर श्वास कसा धरायचा, कंबर कशी सरकवायची, पाय मध्ये कसे आणायचे, हे अंगवळणी पडलं नसेल तर माणूस गोठतो. मी हे शिकायला उशीर केला, म्हणून इतकं कळवळून लिहितेय.

महिलांचा ज्युदो ऑलिंपिकमध्ये पदकासाठी १९९२ ला आला. पुरुषांचा १९६४ ला आला होता. आता बघा, मणिपूरच्या सुशीला देवीने राष्ट्रकुलात २०१४ आणि २०२२ ला रौप्य आणलं, तुलिका मानने २०२२ ला रौप्य आणलं, आणि लिंथोई चनंबम त्याच वर्षी कॅडेट, म्हणजे १८ वर्षांखालच्या गटात जगज्जेती झाली. लिंथोई तेव्हा तुमच्याच मुलींच्या वयाच्या आसपास होती.

---

फॉर्म_भरला

थोडं व्यवहाराचं लिहितो, कारण गावात शेवटी हाच प्रश्न येतो. ज्युदो शालेय स्पर्धांत आहे, तालुका-जिल्हा-विभाग-राज्य अशी शिडी आहे. दहावी-बारावीला खेळाडूंचे सवलतीचे गुण मिळतात, आणि राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. बीजेजेचा बेल्ट दाखवून हे मिळणार नाही. जु-जित्सू २०१८ पासून आशियाई स्पर्धांत आहे हे खरं, पण ऑलिंपिकमध्ये नाही. कोणतंही प्रमाणपत्र घेण्याआधी त्या संघटनेची मान्यता तपासा. आमच्या भावाने तीन वर्षं एका भलत्याच खेळाच्या प्रमाणपत्रांवर भरवसा ठेवला, पडताळणीत सगळी बाद झाली. बिचारा त्या दिवशी जेवला नाही.

ज्युदो सोडू नका. बीजेजे जोडीला ठेवा.

---

लाल_माती

@पुणेरी_वऱ्हाडी, तुमचं लिखाण आवडलं. पण ज्युदोवरच माझा एक राग आहे. आमच्या तालमीतली दोन पोरं जिल्ह्याला ज्युदो खेळायला नेली होती. एकाने सुरेख दुहेरी पट काढला, दोन्ही पाय धरून पाडलं, समोरचा उताणा. आणि पंचांनी आमच्याच पोराला शिक्षा दिली! हजारो वर्षांचा डाव, आणि यांच्यात तो गुन्हा?

---

पुणेरी_वऱ्हाडी

तुमचा राग रास्त आहे. २०१० पासून पायाला हात लावण्यावर बंधनं आली, २०१३ ला ती आणखी कडक झाली. त्याआधी हे डाव ज्युदोतही होते. आता पाय धरला की शिदो, म्हणजे दंड, आणि तीन शिदो झाले की बाद. गंमत म्हणजे बीजेजेत तुमचा एकेरी पट, दुहेरी पट दोन्ही चालतात, वर २ गुणही मिळतात. तुमच्या तालमीतलं पोरगं बीजेजेला गेलं तर उभ्याने त्याला हात लावणारा सापडणार नाही.

सरांच्या काळजीबद्दलही लिहायचं राहिलं होतं. ती खरी आहे. बीजेजे शिकलेली पोरं ज्युदोत येऊन समोरच्याला खाली ओढत बसतात. डाव न करता नुसतं ओढलं तर तिथेही शिदो मिळतो. म्हणून आमच्याकडे नियम आहे, जमिनीवरचा प्रत्येक सराव उभ्याने सुरू करायचा. आधी फेका, मग खाली जा.

---

गाव_दवाखाना

मी ग्रामीण भागात प्रॅक्टिस करतो. डाव मला कळत नाहीत, पण तुमची पोरं माझ्याकडे येतात.

सगळ्यात जास्त येतो तो नायटा. पावसाळ्यात टिनाच्या शेडमध्ये घाम, दमट मॅट, अंगाला अंग. एका पोराला झाला की महिनाभरात दहा जणांना. आणि मग मेडिकलमधून कोणती तरी मिश्र मलम आणतात, त्यात स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, नंतर तो पसरतो आणि चिवट होतो. असं करू नका. चट्टा दिसला की पोराला मॅटवरून सुट्टी द्या आणि औषध पूर्ण घ्या, चट्टा गेल्यावरही सांगितलेल्या दिवसांपर्यंत. मॅट रोज जंतुनाशकाने पुसा आणि वाळू द्या. नखं कापा. गी प्रत्येक सरावानंतर धुवा, दुसऱ्याचा घालू नका. मॅटवरून उतरताना चप्पल घाला, त्याच पायाने संडासात जाऊन परत मॅटवर येऊ नका.

गळा आवळायच्या डावांबद्दल. मानेच्या दोन्ही बाजूंचा रक्तप्रवाह नीट दाबला गेला तर माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो. लहान पोरांना हे शिकवायची घाई नको, आणि मोठ्यांनी सर समोर असल्याशिवाय करायचं नाही.

तिसरं, वजन. स्पर्धेच्या आधी पोरांना उपाशी ठेवून, स्वेटर घालून पळवतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. एका पोराला मी सलाईनवर घेतलंय, ओठ फाटलेले, लघवी बंद. बारा-चौदा वर्षांच्या पोराचं वजन कमी करायचंच कशाला? वाढतं वय आहे, वरच्या गटात खेळू द्या.

---

संत्राबाग

डॉक्टरसाहेब, तुमचं वाचून आमच्या घरी आज गी धुवाले टाकला. पंधरा दिवसानं. पोट्ट्याची आजी म्हनते, हा कपडा का ताडपत्री.

---

कपाशी_आणि_मी

अवांतर होईल, पण माएदा १९१४ ला ब्राझीलमध्ये उतरले हे वाचून थबकलो. त्याच वर्षी आपल्या अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम मंडळ सुरू केलं. म्हणजे तिकडे एक जपानी माणूस परक्या देशात आपली विद्या रुजवत होता, आणि इकडे वऱ्हाडात कुस्ती, मल्लखांब, लाठी यांना घर मिळत होतं. त्याच मंडळाच्या पथकाने १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी आणि बाकी देशी खेळ जगाला दाखवले. आपल्याकडे बाहेरचं शिकायला आणि आपलं दाखवायला कधी कोणी लाजलं नाही, हे मला आज फार आवडलं.

दुसरं, कपिल परमारबद्दल कोणीच लिहिलं नाही. मध्य प्रदेशात सिहोरजवळच्या खेड्यातला मुलगा. लहानपणी शेतात पाण्याच्या मोटरचा शॉक लागला, कित्येक महिने बेशुद्ध होता, पुढे नजर गेली. २०२४ ला पॅरिस पॅरालिंपिकमध्ये ६० किलो गटात कांस्य आणलं, ज्युदोतलं भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं पदक. दृष्टिहीनांच्या ज्युदोत सामना एकमेकांचा गी धरूनच सुरू होतो. आमच्या वावरात दरवर्षी कोणाला ना कोणाला मोटरचा झटका बसतो. त्या मुलाचा सामना मी रडत पाहिला.

---

ओसोतो_वाली

कपिलचा तो सामना मी मुलींना मोबाईलवर दाखवला होता. अर्ध्या मिनिटाच्या आसपास संपला. एक छोटी म्हणाली, "ताई, त्याला दिसत नाही तर त्याला समोरच्याचं कळतं कसं?" मी तिला डोळे मिटून गी धरायला लावलं. तेव्हापासून आम्ही दर शनिवारी दहा मिनिटं डोळे बांधून सराव करतो.

---

पुणेरी_वऱ्हाडी

@लाल_माती, तुमच्यासाठी एक गोष्ट. १९५१ मध्ये जपानचा ज्युदोका मासाहिको किमुरा ब्राझीलला गेला आणि हेलिओ ग्रेसीशी लढला. किमुराने त्याचा हात पाठीमागे पिरगाळला. हेलिओने टॅप केलं नाही, हात मोडला तरी नाही. शेवटी भावाने मध्ये पडून सामना थांबवला. आणि पुढे त्या घराण्याने काय केलं? ज्या डावाने आपण हरलो, त्या डावाला हरवणाऱ्याचं नाव दिलं. आज जगभर त्याला किमुरा म्हणतात.

---

लाल_माती

हे ऐकून बरं वाटलं. हरल्यावर समोरच्याच्या पाया पडणं ते हेच. रविवारी येतो दर्यापूरला, भावाकडे काम आहे. क्लब कुठे ते निरोपात कळवा.

---

खारपाणपट्टा

मंडळी, जरा उशीर झाला. सोयाबीनची काढणी, मग दिवाळी. पण रविवारचं सांगायलाच हवं.

पहिलवान खरंच आले. सोबत तालमीतला एक नातू. सकाळी साडेसहाला पोरं जमली. पुण्याच्या मुलाने पहिली पंधरा मिनिटं नुसतं कंबर सरकवत मागे जायला लावलं. पोरांनी त्या सरावाला लगेच "झिंगा" नाव पाडलं. मग माझ्या मुलीला खाली झोपवलं आणि नववीतली, तिच्याहून दहा-बारा किलो जड मुलगी वर. सांगितलं, वरच्या मुलीने खालच्या मुलीचे पाय ओलांडून जायचं, खालच्या मुलीने जाऊ द्यायचं नाही. दोन मिनिटं.

माझी पोर पहिल्या वीस सेकंदांत दाबली गेली. परत सुरू. परत दाबली गेली. तिसऱ्या वेळी तिने गुडघा मध्ये घातला, बाही धरली आणि तशीच टिकली. चेहरा लालबुंद, श्वास फुललेला, पण डोळे उघडे. वेळ संपली तेव्हा वरची मुलगीच दमून बाजूला पडली. पहिलवान उभे राहून पाहत होते. ते मॅटवर आले, वाकले आणि पोरीला विचारलं, "भ्याली नाहीस ना?" ती म्हणाली, "पहिले दोन वेळा भ्याले."

मग त्यांनी पुण्याच्या मुलाला सांगितलं, मला दाखव. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, गुडघा गेलेला. पाठीवर झोपले नाहीत, वरच राहिले. मुलाने खालून त्यांचा तोल दोनदा घालवला. तिसऱ्यांदा त्यांनी असा काही दाब दिला की मुलगा टॅप करून मोकळा झाला. सगळ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

ठरलं ते असं. आठवड्याचे चार दिवस ज्युदो, तसाच. बुधवार आणि रविवार जमिनीवरचं, पण प्रत्येक सराव उभ्याने सुरू करायचा, ही सरांची अट. मुलींच्या जोड्या मुलींशीच. ओसोतो_वाली ताई महिन्यातून एकदा येणार आहेत. शेडच्या मागे पत्रे ठोकून खोली केली, आतून कडी. ज्या दोन आया नको म्हणाल्या होत्या, त्यातल्या एक रोज येऊन बसतात. दुसरी अजून नाही म्हणते. तिच्या मुलीला आम्ही फक्त उभ्याचा सराव देतो.

---

मृण्मयी_अकोट

खोलीला कडी आतून लावली, हे वाचून फार बरं वाटलं. माझ्या मुलीला हा धागा दाखवला. ती काही बोलली नाही, पण ती झिंग्याची ओळ तिने परत वाचली. तुमच्या क्लबाला अकोटहून एसटी कितीला आहे?

---

लाल_माती

पाठ टेकणं मला अजून आवडत नाही. ते आवडायचं वय गेलं. पण ती पोर तिसऱ्यांदा टिकली तेव्हा मला माझे वस्ताद आठवले, ते म्हणायचे, पडला तो हरला नाही, थांबला तो हरला. नातू आता दर रविवारी येईल. त्याला दुहेरी पट शिकवू द्या पोरांना, बीजेजेपुरता.

---

खारपाणपट्टा

मृण्मयीताई, सकाळच्या एसटीची वेळ निरोपात पाठवतो, स्टँडवर घ्यायला माझी मुलगीच येईल.

आणि डॉक्टरसाहेब, एक अडचण राहिलीच. आमच्याकडचं पाणी खारं. गी धुतला की पिवळा पडतो आणि पापडासारखा कडक होतो, कॉलरने पोरांच्या माना सोलतात. कोणाला काही उपाय माहीत आहे का?

---

संत्राबाग

पावसाचं पानी धरून ठेवा भाऊ, टाकीत. शेवटचं खंगाळणं त्यातच करा. आजीनं आमच्या ताडपत्रीले तसंच केलं, आता मऊ हाये.

---

ओसोतो_वाली

आणि उन्हात वाळवू नका, सावलीत उलटा करून टांगा. ओला असताना कॉलर हाताने ताणून सरळ करा. मी रविवारी येतेय, सोबत दोन जुने गी आणते, मुलींच्या मापाचे.